चालकाविना गाडीने माणूस उडवला तर जबाबदार कोण?

तुम्ही विचारलंय, चालकाविना धावणाऱ्या गाडीने माणसाला उडवलं तर जबाबदार कोण, आणि अशा गाडीवर विश्वास ठेवावा का. मी अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपीला राहतो. याच गावात 18 मार्च 2018 च्या रात्री दहाच्या सुमारास 49 वर्षांची एक बाई सायकल हातात धरून मिल ॲव्हेन्यू ओलांडत होती. उबरची चाचणीवरची व्होल्वो आली आणि बाई गेली. स्वयंचलित गाडीखाली पादचारी दगावल्याची ती पहिलीच घटना.

पुढे इथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने गाडीतली नोंद तपासली. अहवाल वाचून मी सुन्न झालो होतो. धडकेच्या 5.6 सेकंद आधी गाडीला ती दिसली होती. एक, दोन, तीन असं सावकाश मोजून बघा, बराच वेळ असतो. पण समोर आहे ते काय, हेच गाडीला ठरवता येईना. आधी वाहन, मग 'इतर काहीतरी', मग सायकल. आणि मत बदललं की आधीची हालचाल हिशेबातून बाद. त्यामुळे कोणीतरी चालत आडवं येतंय हे तिला उमगलंच नाही. खुणेच्या जागेबाहेर माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या प्रणालीत धरलेलीच नव्हती. (आपल्याकडे तर बहुतेक माणसं रस्ता ओलांडतात ती अशीच.) धडक टळत नाही हे कळलं तेव्हा 1.2 सेकंद उरले होते. पण उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून ब्रेक लावण्याआधी एक सेकंद वाट बघायची सक्ती गाडीला घातलेली होती, ती आड आली. व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक संगणक गाडी चालवत असताना बंद ठेवला जायचा.

यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी ऑफिसात बसून ठरवली होती. पण कंपनीवर फौजदारी गुन्हा होत नाही, असं सरकारी वकिलांनी 2019 मध्ये सांगितलं. गाडीत लक्ष ठेवायला नेमलेल्या बाईच्या मोबाईलवर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता. तिने 2023 मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन झालं, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं. तिची चूक होतीच. पण पूर्वी अशा गाडीत दोन माणसं असायची, ती एकावर आणायचं तिने ठरवलं नव्हतं.

म्हणून माझं उत्तर असं: निर्णय ज्याने गाडीत घातला, जबाबदारी त्याची. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात हे बरंचसं मान्य केलंय. प्रणाली गाडी चालवत असताना गाडी कशी चालली याचा जाब परवानाधारक कंपनीला द्यावा लागेल, आत बसलेल्याला नाही.

पण जाब विचारायचा तर गाडीतली नोंद हातात असावी लागते. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर 2023 मध्ये दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी क्रूझ या कंपनीच्या चालकाविना गाडीखाली आली आणि गाडीने तिला सुमारे 20 फूट फरपटत नेलं. केंद्रीय यंत्रणेला दिलेल्या अहवालात हे फरपटणं गाळलं होतं. पुढे कंपनीने खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून 5 लाख डॉलर दंड भरला. माझा विश्वास उडाला तो इथे. गाडी चुकते हे मी समजू शकतो. चूक झाकणाऱ्याच्या भरवशावर आईला गाडीत कसं बसवू?

आईवरून आठवलं. ती साताऱ्याहून आली होती तेव्हा आम्ही अशा एका टॅक्सीत बसलो. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. मावशीच्या जमिनीच्या भांडणाबद्दल बोलता बोलता तिची नजर आतल्या कॅमेऱ्यावर गेली आणि ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली. घरी पोचेपर्यंत तो विषय तिने पुन्हा काढला नाही. रॉयटर्सने 2023 मध्ये बातमी दिली होती, की टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांतली खाजगी दृश्यं आपसात फिरवली. आईची धास्ती खोटी नव्हती. म्हणून अपघाताच्या आधीची-नंतरची काही मिनिटं जपावीत, ती तपास यंत्रणेला थेट मिळावीत, आणि बाकीचं पुसावं असं मला वाटतं.

भारतात चालकाविना गाड्या येऊ देणार नाही, असं गडकरींनी 2023 मध्ये नागपुरात सांगितलं, कारण चालकांच्या नोकऱ्या. पण तुम्ही लिहिलंय की ॲडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, असलेली गाडी घेताय. तिलाही कॅमेरे आहेत. बुकिंगआधी शोरूमवाल्यांना लेखी विचारा: रेकॉर्डिंग होतं का, कुठे जातं, किती दिवस राहतं, आणि अपघात झाला तर ते मला मिळेल का?