तेच दृश्य पुन्हा का?

प्रश्न : वर्षभरात मी ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’ हे दोन मराठी चित्रपट नाशिकमध्ये पाहिले आणि त्यानंतर ‘गोदावरी’ घरी पुन्हा पाहिला. ‘स्थळ’मध्ये मुलगी पाहण्याचा एकच कार्यक्रम सतत येत राहतो, त्यामुळे चित्रपट पुढे सरकतच नाही, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला तो फार आवडला, पण त्यांना उत्तर देता आले नाही. शिवाय ‘गोदावरी’ मला केवळ आपला घाट दिसतो म्हणून आवडतो की काय, अशी शंकाही येते. आपले मत कळवावे.
— एक शिक्षिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या यजमानांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्यांचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा पहिला चित्रपट मार्च २०२५मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात पाहिला. सुरुवातीला स्वप्नात मुलींनी मुलाला पाहण्याचा उलटा कार्यक्रम येतो आणि प्रेक्षागृह मनापासून हसते. त्यानंतर विदर्भातल्या खेड्यातली सविता खरोखरच पाटावर बसते, पाहुणे तिचे नाव, शिक्षण, उंची, छंद विचारतात, चहा-पोहे होतात आणि पाहुणे उठून जातात. हे पुन्हा घडते, मग पुन्हा घडते. एका क्षणी प्रश्न सुरू होताच तिचे उत्तर माझ्याच ओठांवर आले आणि ते पाठ झाल्याची मला लाज वाटली. दिग्दर्शकाने एकच कार्यक्रम दाखवून बाकीचे संवादांतून सांगितले असते, तर सविताचा अपमान मला कळला असता, पण तिचा थकवा कळला नसता. तिच्या वडिलांची कापसाच्या भावाची काळजीही याच चक्रात मिसळत जाते, म्हणून कथा थांबली आहे असे मला कोठेही वाटले नाही.

‘साबर बोंडं’विषयी आपण काही विचारलेले नाही, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून गावी आलेल्या आनंदला दहा दिवस सुतक पाळावे लागते. रोजचे तेच नियम, तीच माणसे आणि लग्नाविषयीची तीच विचारपूस यांतूनच त्याची बालमित्राशी असलेली जवळीक हळूहळू उलगडत जाते. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीत वापरलेले नाही. ती शांतता प्रेक्षागृहातच अनुभवावी, घरी ती कुकरच्या पहिल्या शिट्टीलाच मोडते. दुर्दैवाने नाशिकमध्ये मला या चित्रपटाचा मिळाला तो एकच, तोही कामाच्या दिवशी सकाळचा खेळ. नोकरदार माणसाने असा चित्रपट कधी पाहावा, हे चित्रपटगृहाच्या चालकांनी सांगावे.

आता ‘गोदावरी’. निखिल महाजन यांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०२२मध्ये चित्रपटगृहांत आला आणि जितेंद्र जोशी यांना त्यातील भूमिकेसाठी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात रौप्य मयूर मिळाला होता. आपली शंका मलाही पहिल्या वेळी आली होती, कारण रामकुंड दिसताच आपण नाशिककर पायऱ्या ओळखण्यातच रमतो. दुसऱ्यांदा पाहताना मी ठरवून निशिकांतकडेच पाहिले. घराण्याच्या मालमत्तेचे भाडे गोळा करणारा हा चिडलेला माणूस रोज त्याच नदीकाठी येतो. पाणी तेच असते, बदलते ती त्याची नजर. नदीच्या सततच्या दर्शनाचे येथे तेच काम आहे, जे ‘स्थळ’मध्ये पाटाचे आहे. पुराच्या वेळी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आले एवढेच पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे अधिक जाणवायला हवे. माझी तक्रार एवढीच की, जे दृश्यात आधीच उमटलेले असते ते काही संवाद पुन्हा समजावून सांगतात, आणि पुनरावृत्ती मला खटकली ती तेथे.

त्यामुळे यजमानांना ‘स्थळ’ पुन्हा दाखवाल, तेव्हा पाहुणे काय विचारतात याकडे त्यांनी दुर्लक्ष केले तरी चालेल, पण प्रत्येक खेपेला सविताच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगा. शेवटची श्रेयनामावलीही वगळू नका. त्यातील बहुतेक कलाकार यापूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले नव्हते. मी पाहिलेल्या खेळाला त्यांची नावे सुरू होताच दिवे लावले गेले आणि ती मला वाचता आली नाहीत.