कॉलेजात हॉकी शिकवून पोट भरतं का?

प्रश्न : मॅडम, मी फलटण तालुक्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळते. यंदा विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आले. भारताच्या संघात जाण्याइतकी मी नाही, हे मला कळतं. पण कॉलेजच्या मुलींना हॉकी शिकवायला मनापासून आवडेल. वडील म्हणतात, ‘त्यात नोकरी कुठंय?’ तुम्ही एवढी वर्षं कॉलेजात काढलीत. खरं सांगा, आहे का?

उत्तर : अगं, वडिलांचं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ‘हॉकी प्रशिक्षक’ अशी कायमची जागा सहसा नसतेच. जागा असते शारीरिक शिक्षण संचालकाची, आणि त्याला कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघावं लागतं. प्रवेशिका, ओळखपत्रं, किट, मुलींच्या जेवणाची बिलं, सगळं. हॉकीचा कोच येतो हंगामापुरता, मानधनावर. पुण्यात मी पहिली सहा वर्षं तशीच काढली. ऑगस्ट ते डिसेंबर कॉलेज, उरलेले महिने एका शाळेत तासिका तत्त्वावर. मानधनाचा चेक निघायचा मार्चअखेरीस, त्यामुळे संक्रांतीला उसनवारी ठरलेली.

तेव्हा कायमची नोकरी हवी असेल तर शारीरिक शिक्षणातली पदवी बी.पी.एड. दोन वर्षं, मग एम.पी.एड. दोन वर्षं, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. बी.पी.एड.च्या सीईटीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणी असते. संचालकपदासाठी पुन्हा शारीरिक क्षमतेची चाचणी : तिशीपर्यंतच्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. हाफला खेळणाऱ्या मुलीला तो वॉर्मअप आहे, ती काळजी सोड.

पण ही झाली नोकरी. शिकवणं वेगळं, आणि तिथं मी स्वतः माती खाल्ली आहे. पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक डावखुरी मुलगी आली. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सपाट बाजू डावीकडे, सगळ्यांना तीच. मी म्हटलं, ‘तुला हे जमायचं नाही, पॅड बांध,’ आणि तिला गोलात उभी केली. हंगाम संपला, पोरगी पुन्हा मैदानावर फिरकली नाही. दोन वर्षांनी मी पतियाळाला एनआयएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायला गेले. तिथं ड्रिबलिंगच्या तासाला सरांनी आम्हाला उजवा हात पाठीमागे घ्यायला लावला. नुसत्या डाव्या हातानं चेंडू इकडून तिकडे न्या म्हणाले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. स्टिक फिरवतो तो वरचा डावा हात. खालचा उजवा सैल, त्याच्या मुठीत दांडा नळीत फिरावा तसा फिरतो. म्हणजे त्या मुलीचा ताकदीचा हात नेमका हवा तिथं होता, आणि मी तिला गोलात कोंडली होती! इतकी वर्षं खेळूनही मला हे ठाऊक नव्हतं, कारण खेळताना हात आपोआप चालतात. जमलं तर पदवीनंतर हा कोर्स आधी कर. वर्षभराचा डिप्लोमाही तिथंच होतो.

आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. माझ्या मुली पिंपरीच्या नेहरूनगर मैदानावर पहिल्यांदा उतरल्या, तेव्हा टर्फवर पाणी मारताना बघून एक हळूच म्हणाली, ‘मॅडम, चिखल होईल ना?’ मुरमावर वाढलेल्या मुली. चेंडू उसळणार म्हणून त्या स्टिक वर धरून थांबायच्या, आणि तो खालून सुर्रकन निघून जायचा. ०-९ हरलो. दुसऱ्या दिवशीपासून कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर, सिमेंटवर, ट्रॅपिंग, म्हणजे येणारा चेंडू स्टिकनं अडवणं, सुरू केलं. सकाळी साडेसहाला, कारण सातनंतर कोर्ट बास्केटबॉलवाल्यांचं. सिमेंटवर चेंडू सरळ आणि जोरात येतो, बराचसा टर्फसारखा. स्टिकचं टोक झिजतं, त्याला टेप गुंडाळायची. पुढच्या वर्षीही हरलो, पण १-३.

तुझ्याच तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ भारताकडून खेळल्या. गावात पाचवी-सहावीतल्या पोरीसुद्धा आता स्टिक मागत असतील. या उन्हाळ्यात त्यातल्या दहा-बारा गोळा कर आणि रोज सकाळी दोन तास घे. वही ठेव : कोण आली, काय शिकवलं, काय फसलं. वडिलांशी वाद घालत बसू नकोस, शेवटच्या आठवड्यात त्यांना मैदानावर घेऊन ये. आणि त्या पोरींत एखादी डावखुरी निघाली, तर तिला फॉरवर्डला लाव आणि मला कळव.