सरकारी आरोग्य योजनेची व्याप्ती वाढावी म्हणून आमदारांना पत्र लिहायचं आहे. अशा पत्राचा उपयोग होतो का? त्यात काय लिहावं? खासदारांनाही लिहू का?

उपयोग होतो, पण पत्रात आमदारांना करता येण्यासारखं काहीतरी हवं. मी दोन पत्रं लिहिली. पहिलं वाया गेलं, दुसऱ्यातून थोडं काम झालं. दोन्हींचं सांगते.

माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाले. नऊ दिवस ती भरती होती, आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही. सोडताना दहा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या. योजनेबद्दल माझ्या मनात खरंच कृतज्ञता आहे, ती नसती तर घर गहाण पडलं असतं.

खर्च सुरू झाला तो अकराव्या दिवशी. गोळ्या मेडिकलमधून आणायच्या, आणि फिजिओथेरपिस्ट घरी यायचे त्यांचे दर खेपेला ३०० रुपये. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले तीन महिने व्यायाम चुकवू नका, नंतर हात तितका सुधारत नाही. आम्हाला पहिला महिना रोज बोलावणं जमलं. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून तीनदा, मग एकदा. आईच्या उजव्या हाताची बोटं आजही मिटलेलीच आहेत. आंघोळीच्या वेळी मी एकेक बोट उघडून आत साबण लावते. हे होऊ द्यायला नको होतं, असं मला रोज वाटतं.

त्याच रागात मी पहिलं पत्र लिहिलं. चार पानं. बेड नाहीत, डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, आणि शेवटी मागणी की योजना सगळ्यांना लागू करा आणि मर्यादा पाच लाख करा. पंधरा दिवसांनी आमदारांच्या पीएंचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, हे तर झालंय.’ आणि ते खरं होतं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखांची मर्यादा होती आणि लाभ पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना होता. पुढे योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, पण दीड लाखाचा आकडा वर्षानुवर्षं तसाच राहिला. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने पाच लाख आणि सर्व रेशनकार्डधारक असा निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू झाला. म्हणून तुम्हीही आधी आज योजनेत काय आहे ते बघा. योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णांना योजनेची मदत करायला नेमलेल्या माणसाकडे बसा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार निवेदनांमध्ये अजून दीड लाखाच्याच गोष्टी असतात, त्या पाठवू नका.

योजना मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. भरतीआधीच्या तपासण्यांची धावपळ, घरी गेल्यावरची औषधं, व्यायाम, बीपी-शुगरच्या आयुष्यभराच्या गोळ्या, हे बहुतेक तिच्या बाहेर पडतं. काही ठरावीक उपचारांना पुढच्या पाठपुराव्याची सोय आहे, सगळ्यांना नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, हा फार मोठा निर्णय होता. पण आमच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टच नव्हता, तर मोफत काय मिळणार? माझ्या मते आता मागणी करायची ती इथे. मर्यादा आणखी वाढवून आईच्या बोटांना काहीच फरक पडला नसता.

दुसरं पत्र एक पान होतं. विषयाच्या ओळीत एकच मागणी: ‘पक्षाघाताच्या रुग्णांना घरी सोडल्यानंतर तीन महिने औषधे व फिजिओथेरपी योजनेत समाविष्ट करणेबाबत.’ खाली आईची हकिगत पाच ओळींत, तीन महिन्यांच्या खर्चाची बेरीज, सोबत बिलांच्या झेरॉक्स. आणि शेवटच्या परिच्छेदात, याबाबत आपण तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं असा प्रश्न) विचारावा ही विनंती. हा शेवटचा परिच्छेद मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं की आमदार ते पत्र आपल्या शिफारशीसह मंत्र्यांकडे पाठवतात, आणि ते कुठल्यातरी टेबलावर पडून राहतं. प्रश्न सभागृहात गेला की विभागाला उत्तर द्यावंच लागतं. विषय अगदी तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना मागा, म्हणजे आमदार त्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून सभागृहात निवेदन मागतात. अर्थसंकल्पी अधिवेशन असेल तर आरोग्य विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते, म्हणजे मागितलेल्या रकमेत कपात सुचवून त्या विषयावर बोलता येतं. मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

वेळ मात्र साधा. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावे लागतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं, म्हणजे तुमचं पत्र दिवाळीच्या फराळाआधीच पोचलेलं बरं. पत्र हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तुम्ही पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलं असेल तर विधान परिषदेतही तुमचे एक आमदार आहेत, हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. त्यांनाही द्या.

खासदारांना लिहू का, असंही तुम्ही विचारलंय. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेनुसार राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळे सुरुवात आमदारांपासूनच करा. राज्याने ठरवलं तर किती पुढे जाता येतं हे राजस्थानने दाखवलंय. मार्च २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदाच केला, तोही खासगी डॉक्टरांचा जोरदार विरोध चालू असताना.

एक चूक मात्र टाळा. रुग्णालयाने पैसे मागितले, दाखल करून घेतलं नाही, अशी तक्रार या पत्रात मिसळू नका. तिचा मार्ग वेगळा, ती हेल्पलाइनवर आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे करा. दोन्ही एकत्र आलं की विभाग तक्रारीचा खुलासा पाठवून मोकळा होतो आणि मागणी बाजूला राहते.

माझ्या पत्राचं पुढे काय झालं? आमच्या आमदारांनी प्रश्न दिला. तोंडी चर्चेला तो आलाच नाही, वेळ संपली. लेखी उत्तर मिळालं, त्यात ‘बाब तपासून पाहण्यात येत आहे’ इतकंच. योजनेत अजून बदल नाही. पण त्यानंतर जिल्हा रुग्णालयाचे फिजिओथेरपिस्ट दर गुरुवारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात येऊ लागले. पहिल्या गुरुवारी बाकावर आईसकट अकरा जण बसले होते, सगळे आमच्याच तालुक्यातले. मी त्या दहाही घरच्यांना बिलं जपून ठेवायला सांगितलंय. पुढचं पत्र अकरा कुटुंबांच्या सह्यांनी जाईल.

तुमचा मसुदा झाला की इथेच टाका, मी नक्की वाचेन.