औषध मोफत, पण तिथवरची वाट?

प्रश्न : एचआयव्ही हा गरिबीचा आजार आहे, असे वारंवार वाचनात येते. औषधे बहुतेक ठिकाणी मोफत मिळत असताना खेड्यांतील गरीब कुटुंबे या आजारापायी आजही का खचतात?

उत्तर : ‘गरिबीचा आजार’ हे वर्णन मला अपुरे वाटते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या राष्ट्रीय पाहण्यांत एके काळी तुलनेने सधन कुटुंबांतच लागणीचे प्रमाण अधिक आढळले होते. तरीही घरातील स्त्री पैशासाठी दुसऱ्यावर अवलंबून असते, तेव्हा निरोधचा आग्रह धरणे तिला कठीण जाते, हे खरेच आहे. मलावी या आफ्रिकी देशातील झोम्बा जिल्ह्यात शाळकरी मुलींना व त्यांच्या कुटुंबांना दरमहा थोडी रोख रक्कम देऊन पाहण्यात आले. १८ महिन्यांनंतर त्या मुलींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के, तर रक्कम न मिळालेल्या मुलींमध्ये ३ टक्के होते. दक्षिण आफ्रिकेतील नंतरच्या अशाच प्रयोगात मात्र फरक दिसला नाही, म्हणून केवळ पैसा हा उपाय मानू नये.

तुमच्या प्रश्नाचा गाभा लागणीनंतरच्या काळात आहे. हा आजार प्रामुख्याने कमावत्या वयात गाठतो. उपचार लांबले, की आधी मजुरी बुडते, मग जनावरे विकली जातात, पुढे जमीन गहाण पडते आणि आजाऱ्याची शुश्रूषा करायला बहुधा मुलीचीच शाळा सुटते. जमीन एकदा गेली, की उपचारांनी प्रकृती सावरून माणूस कामाला लागला तरी ती सहसा परत येत नाही.

वास्तविक निदान होताच प्रत्येकाला उपचार सुरू करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची शिफारस आहे; गोळ्या नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण गोळी फुकट असली, तरी उपचार केंद्रापर्यंतचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी रुग्णालाच सोसावी लागते, आणि ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने कित्येक जण जवळचे केंद्र सोडून मुद्दाम लांबचे गाठतात, हे मला सर्वांत क्लेशदायक वाटते. त्यात घरात पुरेसे अन्न नसेल, तर उपाशीपोटी मळमळेल म्हणून गोळी टाळली जाते. प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या देता येतात. आपल्या ओळखीत कोणी उपचार घेत असेल, तर केंद्रात ही सोय आवर्जून विचारण्यास त्यांना सांगावे.