अमेरिकेत बिझनेसच्या पदवीसाठी तीन ॲडमिट आलेत, कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भारतातून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जायचंय. एका सरकारी विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये थेट प्रवेश आहे, दुसऱ्या जास्त नावाजलेल्या सरकारी विद्यापीठात 'प्री-बिझनेस' म्हणून, आणि तिसरं महागडं खाजगी विद्यापीठ मोठी स्कॉलरशिप देतंय. १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंय आणि घरात रँकिंगवरून वाद सुरू आहे.

रँकिंग तूर्त बाजूला ठेवा. आधी तिन्ही पत्रं काढा आणि प्रवेश नक्की कशात मिळालाय ते बघा, विद्यापीठात की बिझनेस स्कूलमध्ये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'प्री-बिझनेस'चा अर्थ असा की पहिलं वर्ष किंवा दोन वर्षं कॅल्क्युलस, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, अकाउंटिंग असे विषय करायचे आणि मग बिझनेस स्कूलसाठी पुन्हा अर्ज करायचा. जागा बहुतेक ठिकाणी मोजक्याच असतात. वेबसाइटवर 'किमान जीपीए' (ग्रेडची सरासरी) दिलेला असतो, पण तो अर्ज करण्यापुरता. तेवढ्यावर जागा मिळेलच असं नाही. शिवाय हे सुरुवातीचे विषय अनेकदा कर्व्हवर तपासतात, म्हणजे सगळा वर्ग हुशार असला तरी 'ए' ठरावीक जणांनाच. त्यामुळे प्रवेश कार्यालयाला नव्हे, थेट बिझनेस स्कूलच्या ॲडव्हायझिंग ऑफिसला ईमेल करा आणि तीन आकडे मागा: गेल्या वर्षी आतल्या किती विद्यार्थ्यांनी अर्ज केला, किती घेतले, घेतलेल्यांचा सरासरी जीपीए किती. चौथा प्रश्नही विचारा, ज्यांना घेतलं नाही ते कुठे गेले? उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच समजा. सीनियरच्या सांगण्यावर मात्र विसंबू नका, कारण हे नियम बदलतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं हास बिझनेस स्कूल वर्षानुवर्षं दोन वर्षांनंतर विद्यार्थी घ्यायचं, पण २०२४ पासून तिथे पहिल्या वर्षापासूनच चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला.

माझं मत स्पष्ट आहे. बिझनेसमध्ये जागा मिळाली नाही तर अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडायला तुम्ही मनापासून तयार असाल, तरच प्री-बिझनेस घ्या. नाहीतर थेट प्रवेश सोडू नका.

आता एफ-१ वाल्यांनी बघायलाच हवी अशी गोष्ट: पदवीचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकन सरकारच्या यादीतला त्या विषयाचा क्रमांक. शिक्षणानंतर कामासाठी ओपीटीचे (एफ-१ वरच तात्पुरतं काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने सगळ्यांनाच मिळू शकतात, पण पदवी स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर अटी पाळून आणखी २४. म्हणजे १२ विरुद्ध ३६ महिने, आणि तेवढीच एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव घालण्याची संधी जास्त. साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन (५२.०२०१), अकाउंटिंग (५२.०३०१) आणि फायनान्स (५२.०८०१) या यादीत नाहीत. मॅनेजमेंट सायन्स (५२.१३०१) आणि बिझनेस ॲनालिटिक्स (३०.७१०२) आहेत. गंमत म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्र (४५.०६०३) हेही यादीत आहे, आणि बऱ्याच विद्यापीठांनी अर्थशास्त्राची पदवी त्याच कोडखाली ठेवली आहे. तिथे प्री-बिझनेसचा 'तोट्याचा' पर्याय या एका बाबतीत फायनान्सपेक्षा सरस ठरतो. एकाच नावाच्या पदवीला दोन विद्यापीठांत दोन कोड असू शकतात, म्हणून नावावर जाऊ नका. इंटरनॅशनल ऑफिसकडून कोड लेखी मागवा.

पैशाचं बघू. आय-२० साठी (व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा फॉर्म) पहिल्या वर्षाचा निधी दाखवला की भागतं, म्हणून बरीच कुटुंबं हिशोबही पहिल्याच वर्षाचा करतात. चार वर्षांचा करा. खर्च दरवर्षी वाढतो, स्कॉलरशिपची रक्कम मात्र बहुधा तेवढीच राहते. समजा एकीकडे वर्षाचा खर्च ५२,००० डॉलर आणि स्कॉलरशिप १८,०००. दुसरीकडे ८५,००० आणि ४०,०००. नुसतं चारने गुणलं तर १,३६,००० आणि १,८०,००० येतात. पण दरवर्षी ४ टक्के वाढ धरली तर पहिल्याचे साधारण १,४९,००० होतात आणि दुसऱ्याचे २,०१,०००. फरक ४४,००० वरून ५२,००० वर गेला. स्कॉलरशिपचा मोठा आकडा इथेच फसवतो: वाढ लागते ती पूर्ण खर्चावर, स्कॉलरशिप वजा करून उरलेल्या रकमेवर नाही.

त्यात आणखी चार खर्च मिळवा, जे पत्रात ठळक नसतात: आरोग्य विमा, परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं शुल्क, उन्हाळ्याच्या सुट्टीतलं राहणं, आणि अनेक सरकारी विद्यापीठांत बिझनेसच्या विद्यार्थ्यांना लागणारी जादा ट्यूशन, जी कधी कधी तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए लागतो आणि तो एका सेमिस्टरमध्ये घसरला तर सुधारायला संधी मिळते का, हे विचारा. अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज एफ-१ ला मिळत नाही. कॅम्पसवरच्या कामाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. त्यातून हातखर्च निघेल, फी निघणार नाही. स्कॉलरशिप वाढवून मागायची असेल तर डिपॉझिट भरण्याआधी, दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र जोडून, नम्रपणे एकदा विचारा. काही जण वाढवतात.

नोकऱ्यांचे आकडे वाचताना '९५ टक्के प्लेस्ड'ला भुलू नका. किती पदवीधरांची माहितीच हाती आली, हा 'नॉलेज रेट' आधी शोधा. नेस (NACE) ही कॉलेजं आणि कंपन्यांची अमेरिकन संस्था किमान ६५ टक्के अपेक्षित धरते. मग त्या ९५ मध्ये पुढे शिकायला गेलेले मिसळलेत का, पगार सरासरी दिलाय की मध्यक, आणि परदेशी विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे आहेत का, ते बघा. करिअर ऑफिसला विचारण्यासारखा खरा प्रश्न असा: गेल्या वर्षी इंटर्नशिपच्या मुलाखतींना कोणत्या कंपन्या आल्या आणि त्यांतल्या कोणी एफ-१ चे विद्यार्थी घेतले? इन्व्हेस्टमेंट बँकिंग डोक्यात असेल तर तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याची निवड दुसऱ्याच वर्षात सुरू होते. ज्याला बिझनेस स्कूलमध्ये तिसऱ्या वर्षी जागा मिळते, त्याची ती गाडी बहुधा चुकलेली असते.

मान्यतेचं एका ओळीत: एएसीएसबीची (बिझनेस स्कूलना मान्यता देणारी संस्था) मान्यता असेल तर उत्तम, पण तिन्ही ठिकाणी ती असेल तर तो मुद्दा तिथेच संपतो. सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखी अमेरिकन पात्रता) करायचं असेल तर बहुतेक राज्यांत १५० क्रेडिटचा मार्ग रूढ आहे आणि पदवी साधारण १२० ची असते. अनेक राज्यांनी अलीकडे पर्यायी मार्ग उघडलेत, तरी वरचे ३० क्रेडिट कसे करता येतील ते विचारून ठेवा.

निर्णय झाला की डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा. ते सहसा परत मिळत नाही, आणि दोन ठिकाणी भरल्याचं कळलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. (वेटलिस्टवर नाव ठेवायला हरकत नाही.) हॉस्टेलचं डिपॉझिट वेगळं असतं, त्याची तारीखही वेगळी. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर भरताना जिथे खरंच जाणार त्याच आय-२० वरचा नंबर टाका आणि व्हिसाच्या मुलाखतीला तोच न्या. आय-२० वर 'प्री-बिझनेस' किंवा 'अनडिक्लेअर्ड' दिसलं तर घाबरू नका, मेजर (मुख्य विषय) नंतर बदलता येतो. ओपीटीच्या वेळी मिळालेल्या पदवीचा कोड बघतात, पहिल्या दिवशीचा नाही.