रिकाम्या पोटी म्हणजे नेमकं किती वाजता?

दादरच्या माझ्या दवाखान्यात रोज एक संवाद ठरलेला. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" "बीपीची एक. बाकी काही नाही." मग पिशवीतून केसपेपर काढताना एक स्ट्रिप टेबलावर पडते. "ही? ही गॅसची हो, ही काय औषधात मोडते का!" त्या स्ट्रिपच्या कडेला लाल पट्टी असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असं औषध. अल्सरच्या गोळ्यांबद्दल आलेले प्रश्न वाचतानाही मला तीच स्ट्रिप दिसत होती. त्यातले पाच निवडले आहेत.

एन्डोस्कोपीत लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर निघाला. पँटोप्राझोल ४० रोज सकाळी रिकाम्या पोटी, आठ आठवडे. मी पाचला उठून गोळी घेते, ६ वाजून १० मिनिटांची लोकल पकडते आणि साडेदहाला ऑफिसात डबा उघडते. तीन आठवडे झाले, जळजळ आहेच. औषध बदलायला हवं का? (भांडुप)

औषध बदलण्याआधी वेळ बदला. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी चालू असलेल्या पंपालाच बंद करू शकते, आणि पंप जोरात चालू होतात ते अन्न आलं की. औषध रक्तात फार वेळ टिकत नाही, एका तासात निम्मं होतं. तुम्ही पाचला गोळी घेता आणि पंप जागे होतात साडेदहाला. तोवर औषध जवळजवळ निघून गेलेलं असतं.

'रिकाम्या पोटी' याचा अर्थ 'खाण्याआधी अर्धा ते एक तास', नुसतं 'उठल्याबरोबर' नव्हे. चिठ्ठीवर हे वाक्य पूर्ण लिहायला आम्ही डॉक्टरच आळस करतो. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पाचला गोळी घ्या, आंघोळ आणि डबा उरका, आणि पावणेसहाला एक पोळी खाऊनच घराबाहेर पडा. चहाही त्या पोळीबरोबरच. हे जमणार नसेल तर स्ट्रिप पर्समध्ये ठेवा आणि ऑफिसात पावणेदहाला गोळी घ्या. गोळी अख्खी गिळायची. वरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, त्यामुळे चावली किंवा कुटली की ती वाया गेली. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. आठवडाभर असं करूनही जळजळ राहिली तर डॉक्टरांना भेटा, आणि अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी या जंतूची तपासणी झाली होती का हेही विचारा.

आईला (६८) दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, पोटासाठी पँटोप्राझोल. गेल्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे ते नव्हतं म्हणून त्याने ओमेप्राझोल दिलं, "एकच आहे" म्हणाला. गुडघ्यांसाठी ती अधूनमधून डायक्लोफिनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी घेते. (लालबाग)

एकच नाही. क्लोपिडोग्रेल यकृतातल्या एका एन्झाइममुळे कामाला लागतं, आणि ओमेप्राझोल नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी अर्धवट काम करते. एसोमेप्राझोलचंही तसंच. पँटोप्राझोल त्या मानाने या वाटेत फारसं येत नाही, म्हणूनच हृदयाच्या डॉक्टरांनी ते निवडलं असणार. आजच त्यांना फोन करा. मात्र घाबरून हृदयाची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

मला जास्त काळजी वाटते ती डायक्लोफिनॅकची. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वय आणि वर ही गोळी, म्हणजे अल्सर होऊन रक्तस्राव व्हायला आणखी काही लागत नाही. हृदयालाही ती धोक्याचीच. "मग इंजेक्शन घेते, ते पोटात जात नाही" असं आई म्हणेल. माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. जठराचं संरक्षक अस्तर हे औषध रक्तातूनही कमकुवत करतं, त्यामुळे इंजेक्शनने सुटका नाही. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि फिजिओथेरपी सुरू करा.

एच. पायलोरी निघाला. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लाची (म्हणजे आम्ल कमी करणारी) गोळी असा १४ दिवसांचा कोर्स आहे. तोंडाला लोखंडासारखी चव, शौचाला काळं. पोटाला बाधू नये म्हणून गोळ्या दुधाबरोबर घेतो. सहाव्या दिवशी दुखणं थांबलं. आता बंद करू? (गिरगाव)

नको. दुखणं थांबलं ते आम्ल कमी झाल्यामुळे. जंतू अजून आहे. अर्ध्यावर सोडलेल्या कोर्समधून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत, आणि हाताशी पर्याय मोजकेच असतात. हा जंतू म्हणजे किरकोळ पाहुणा नव्हे. अल्सरचं खापर जग तिखट आणि टेन्शनवर फोडत होतं तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. (आमच्या वडापावची बदनामी तेव्हाच थांबायला हवी होती.)

दूध आधी थांबवा. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. दूध, दही, पनीर आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर हवं. गोळीबरोबर पेलाभर पाणी प्या आणि रात्रीची गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. लोखंडी चव मेट्रोनिडाझोलची, कोर्सबरोबर जाईल. तोवर दारू पूर्ण बंद.

काळ्या शौचाबद्दल नीट वाचा. बिस्मथने जीभ आणि शौच काळं होतं, ते निरुपद्रवी. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं शौच, सोबत चक्कर किंवा घाम, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर तो रक्तस्राव समजा. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ लावा किंवा केईएम, सायन, नायर यांपैकी जवळचा कॅज्युअल्टी विभाग गाठा.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का ते तपासायचं. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ती कधी आणि कशी बंद करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

बाबा (७१) आधी रॅनिटिडीन घ्यायचे. आता सहा वर्षं पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल. बंद केली की दुप्पट जळजळ. म्हणजे रोग तसाच आहे ना? (विक्रोळी)

बहुतेक नाही. अनेक महिने दाबून ठेवलेले पंप गोळी सुटली की काही दिवस उसळून काम करतात. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय चालतच नाही." आणि सहा वर्षं जातात.

पहिला प्रश्न असा, की ही कॅप्सूल सुरू कशासाठी झाली होती? ते ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही घेत असतील, तर आम्लाची गोळी चालू ठेवण्यालाच अर्थ असेल. तसं कारण नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मग बंद. मधल्या जळजळीला अँटासिडचं पातळ औषध पुरतं. कॅप्सूलमधलं डोम्पेरिडोन (मळमळ थांबवणारं औषध) मात्र या वयात रोज नकोच, ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. इतकी वर्षं झाल्यावर बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासा, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ नक्कीच. अशा गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो असा जो मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, तो संबंध सिद्ध झालेला नाही. रॅनिटिडीनकडेही परत जाऊ नका. त्यात एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता असलेला घटक २०१९ मध्ये सापडला, आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं.

सासूबाईंच्या संधिवाताच्या गोळीत डायक्लोफिनॅकबरोबर मिसोप्रोस्टॉल आहे, "पोट सांभाळणारं". माझं पोट दुखतंय, त्यातली एक घेऊ? (परळ)

अजिबात नको. मिसोप्रोस्टॉल जठराचं अस्तर सांभाळतं हे खरं, पण ते गर्भाशयही आकुंचित करतं. गर्भ असेल तर गर्भपात होऊ शकतो, आणि राहिलाच तर त्यात व्यंग येऊ शकतं. घेऊन झाली असेल आणि पाळी चुकली असेल, तर आजच टेस्ट करा आणि ती स्ट्रिप हातात घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.