तोतया की राजपुत्र: यंग ग्रिफची थिअरी तासून घेताना

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात पाचसहा जण मिळून जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका वाचतात. त्यातल्या एकाने थिअरी मांडली आहे की पाचव्या पुस्तकातला यंग ग्रिफ हा मारल्या गेलेल्या टार्गेरियन युवराज रेगारचा मुलगा एगॉन नाही, टार्गेरियनांतूनच फुटलेल्या ब्लॅकफायर घराण्याच्या मुलीकडच्या शाखेतला तोतया आहे. नऊ पुरावे दिलेत आणि विचारलंय की यातले टिकणारे किती. पाचवं पुस्तक वाचून झालं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळंच फुटणार आहे.

सातारकरांना हा मामला नवा वाटायला नको. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले आणि १७५० च्या जानेवारीत रामराजे गादीवर आले. हा माझा नातू, शत्रूच्या भीतीने लपवून वाढवलेला, ही ग्वाही ताराबाईंची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, रामराजे पेशव्याला दूर करायला तयार नाहीत असं दिसल्यावर, ताराबाईंनीच त्यांना अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलं आणि हा आपला नातू नव्हेच असं जाहीर केलं. खरं काय होतं ते बाजूला ठेवा. दोन्ही वेळा साक्षीदार एकच आणि दोन्ही वेळा साक्ष त्या घडीच्या राजकारणाला सोयीची. लपवलेल्या वारसाची कुठलीही गोष्ट तपासायची तर पहिला प्रश्न हाच: हे सांगतंय कोण, आणि त्याला यातून मिळतंय काय?

आता ग्रिफकडे या. टार्गेरियनांचं राज्य गेलं आणि राजधानी लुटली गेली तेव्हा बाळ एगॉनचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं, त्यामुळे चेहरा ओळखण्याजोगा राहिला नाही. ते बाळ बदललेलं होतं, गरीब वस्तीतून वाइनच्या बदल्यात आणलेलं होतं, ही कथा मुळात कुणाची? राजाचा गुप्तहेरप्रमुख व्हॅरिसची. अदलाबदल दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. मुलाला वाढवणारा जॉन कॉनिंग्टन मनापासून विश्वास ठेवतो, पण तो ऐकीव साक्षीदार आहे आणि रेगारवर जीव असलेला माणूस आहे. त्याला हे खरं असायलाच हवं आहे. म्हणून 'कॉनिंग्टनला खात्री आहे' हे वाक्य कुठल्याच पारड्यात टाकू नका.

तुमच्या नऊ पुराव्यांत सगळ्यात वजनदार आहे तो कापडी ड्रॅगन. दुसऱ्या पुस्तकात रेगारची बहीण डेनेरिस हिला जे दृष्टान्त होतात त्यात काठ्यांवर झुलणारा कापडी ड्रॅगन आणि जयजयकार करणारी गर्दी आहे. हे चित्र एकटं घेतलं तर त्याचे दहा अर्थ निघतात. पण ते तीन चित्रांच्या एका गटात येतं आणि त्या गटाला जोडून डेनेरिसला 'असत्याचा वध करणारी' म्हटलंय. शेजारचं पहिलं चित्र सावली नसलेल्या निळ्या डोळ्यांच्या राजाचं, म्हणजे बहुधा गादीचा दुसरा दावेदार स्टॅनिस याचं. म्हणजे कापडी ड्रॅगन खोट्यांच्या रांगेत बसवलेला आहे. तुम्ही फक्त चित्र दिलंय, रांग दिलेली नाही. ती द्या. सोबत दुसरा अर्थही नोंदवा: पुढे 'बहुरूप्याचा ड्रॅगन' असा उल्लेख येतो आणि व्हॅरिस लहानपणी नाटकमंडळीत होता. तेव्हा 'खोटा ड्रॅगन' असाही अर्थ होतो आणि 'बहुरूप्याच्या हातातला खरा ड्रॅगन' असाही. सीतास्वयंवर १८४३ साली जिथे रंगलं त्या सांगलीतल्या वाचकाला हा फरक चटकन कळेल. सोंग खोटं असतं, सोंग आणणारा खरा असतो.

दुसरा भक्कम पुरावा गोल्डन कंपनीचा. ही भाडोत्री फौज ब्लॅकफायरांच्या बाजूने लढलेल्या बिटरस्टीलने उभी केली ती ब्लॅकफायरांसाठी, टार्गेरियनांविरुद्ध. शब्दाला जागणारी म्हणून तिची ख्याती. तीच फौज मीर शहराशी केलेला करार मोडून एका टार्गेरियन राजपुत्रामागे का जाते? त्यातच व्हॅरिसचा श्रीमंत साथीदार इलिरिओ पळून आलेल्या टिरियन लॅनिस्टरला सांगतो की ब्लॅकफायरांचा वंश पुरुषशाखेत संपला. 'पुरुषशाखेत' हा शब्द विनाकारण आलेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या मोजू नका, एकत्रच मांडा.

इलिरिओची मेलेली बायको सेरा आणि त्याच्या वाड्यात जपून ठेवलेले लहान मुलाचे कपडे हे मधल्या वजनाचे. त्यांनी इलिरिओला या मुलात एवढा जीव का, हे उलगडतं. पण तिथून ब्लॅकफायरपर्यंत जायला आणखी एक उडी लागते आणि ती उडी पुस्तकात नाही. सराईच्या पाटीवरचा काळा लोखंडी ड्रॅगन, जो फोडून नदीत टाकला आणि पुढे ज्याचं एक डोकं गंजून लाल होऊन काठाला लागलं, तो सुरेख आहे. मात्र ती सजावट झाली. खटला आधीच उभा असेल तर शोभते, एकटी काही सिद्ध करत नाही.

डोळ्यांचा रंग काढून टाका. जांभळे डोळे टार्गेरियनांचे तसे ब्लॅकफायरांचेही, म्हणजे पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू. शिवाय मार्टिन यांनी रेनली या दुसऱ्या पात्राच्या डोळ्यांच्या रंगात चूक झाल्याचं स्वतः कबूल केलंय. फक्त रंगावर थिअरी टांगली की कधीतरी पडतेच. वयाचं थोडं वेगळं. खरा एगॉन या वेळी साधारण १८ चा असायला हवा आणि टिरियन पाहताक्षणी १५-१६ चा अंदाज करतो. ठेवा, पण 'नजरेचा अंदाज' असं लिहून.

विरुद्ध बाजूचा एकही पुरावा यादीत नाही, ही सगळ्यात मोठी खोट. सर्वांत जड विरोधी पुरावा पाचव्या पुस्तकाच्या उपसंहारात आहे. व्हॅरिस टिरियनच्या मरणाऱ्या काकाला, केव्हनला, एगॉन जिवंत असल्याचं सांगतो. मरणाऱ्याशी खोटं बोलून त्याला काय मिळणार? याला तुमच्याकडे उत्तर हवं. नसेल तर तसं स्पष्ट लिहा, त्याने थिअरी लंगडी होत नाही.

आता थोडं कामाचं. वहीत प्रत्येक पुराव्यापुढे चार रकाने करा: पुस्तक, प्रकरण, कोणाच्या नजरेतून, आणि याचा दुसरा अर्थ काय. तिसरा रकाना टाळला जातो आणि घात तिथेच होतो. या मालिकेत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे 'लेखक म्हणतो' असं जवळपास काहीच नसतं. पान क्रमांक लिहू नका. तिसरं आणि पाचवं पुस्तक पेपरबॅकमध्ये दोन-दोन भागांतही मिळतं, एकाचं पान दुसऱ्याला सापडत नाही. 'टिरियन, तिसरं प्रकरण' असं लिहिलं की भागतं.

काळ आणि अंतर मात्र आधी तपासा. चौथं पुस्तक (२००५) आणि पाचव्याचा (२०११) बराच भाग एकाच काळात घडतो. 'डारिओ म्हणजेच युरॉन' ही लाडकी थिअरी इथेच बुडते. एक मीरीनमध्ये राणी डेनेरिसच्या दरबारी आणि त्याच सुमारास दुसरा लोहबेटांवर राजा निवडून येतोय. मध्ये अर्धं जग आहे.

टीव्ही मालिकेचा पुरावा वेगळ्या पानावर ठेवा. २०१६ च्या सहाव्या सीझनमध्ये कोल्डहँड्स हा गूढ स्वार जॉन स्नोचा बेपत्ता काका बेंजेन निघाला. पुस्तकाच्या हस्तलिखितावर संपादकाने नेमकं हेच विचारलं होतं आणि मार्टिन यांनी 'नाही' असं लिहिलं. त्याच सीझनने जॉन स्नो हा नेडचा नव्हे, तर नेडची बहीण लियाना आणि रेगार यांचा मुलगा हे मात्र दाखवून टाकलं. त्या थिअरीची मुळं १९९६ च्या पहिल्याच पुस्तकात आहेत. ती टिकली कारण नेडला गप्प राहण्याचं कारण होतं (रेगारचा वैरी राजा रॉबर्टने पोर मारलं असतं) आणि शिवाय राजाचे तीन अंगरक्षक राजाला सोडून डोंगरातला एक मनोरा का राखत बसले होते, हेही ती सांगते. थिअरी काढून टाकली की हा प्रश्न पुन्हा उघडा पडतो.

हीच कसोटी ग्रिफला लावा. थिअरी काढून टाकली तर काय अडतं? गोल्डन कंपनीचं वागणं अडतं. व्हॅरिसचा हेतूही अडतो: टार्गेरियनच हवे असतील तर रेगारचा धाकटा भाऊ व्हिसेरिस याला इतकी वर्षं दारोदार भटकत का ठेवलं? हा प्रश्न तुमच्या यादीत दहावा हवा होता. तो पहिला घ्या.

आणि एक जागा पुन्हा वाचा. मूळ बेत डेनेरिसकडे पूर्वेला जाण्याचा होता. टिरियन बुद्धिबळासारख्या खेळाच्या पटावर बसून पोराला डिवचतो आणि पोरगा पश्चिमेला वळतो. रामराजे ऐकेनासे झाले तेव्हा ताराबाईंची साक्ष फिरली होती. इथे व्हॅरिस अजून फिरलेला नाही. पुढच्या पुस्तकात तो फिरला तर तुमची थिअरी वर चढेल आणि पोराला शेवटपर्यंत धरून राहिला तर खाली येईल. हे आजच तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे नंतर अर्थ वळवता येणार नाही.

नवातले टिकणारे माझ्या मते चार: रांगेसकट कापडी ड्रॅगन, गोल्डन कंपनी आणि इलिरिओचं वाक्य मिळून एक, सेरा आणि कपडे मिळून एक, आणि वय. तुमच्या तिसऱ्या ओळीतला 'यावरून सिद्ध होतं' एवढा तुकडा खोडा, तिथे 'याच्याशी जुळतं' लिहा.